कसोटीला तयार असलेली आशा

१९२८ साली डॉ. ल्युसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या. गरोदरपणात आणि बाळंतपणात इथल्या बायका एवढ्या का दगावतात, याची चौकशी तेव्हा चालू होती आणि तिच्यातला एक अवघड भाग विल्स यांच्याकडे आला होता. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना दिवस गेले की एक विचित्र रक्तक्षय गाठायचा. चेहरा पांढराफटक, चार पायऱ्या चढल्या की धाप, आणि पुढे बाळ-बाळंतीण दोघांच्याही जिवाला घोर. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी कमी असायच्या आणि ज्या असायच्या त्या नको तेवढ्या फुगलेल्या. विल्स यांनी आधी जंतूंवर संशय घेतला, मग एकेका जीवनसत्त्वावर. अंदाज चुकत गेले. शेवटी गुण आला तो मार्माइट नावाच्या पदार्थाने. हा यीस्टचा अर्क इंग्लंडात पावाला लावून खातात आणि तो स्वस्त असतो. आधी प्रयोगातली माकडं सुधारली, मग बायका सुधारल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे त्यांना सांगता येत नव्हतं आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. पुढची दहा वर्षं त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हटलं जात होतं.

१९४१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक उपसून त्याच जातीचं द्रव्य अगदी थोडंसं वेगळं काढलं. त्याचं नाव फॉलिक ॲसिड. आज आपल्याकडे गरोदर बाईला पहिल्याच तपासणीत जी गोळी लिहून देतात, तिची सुरुवात मुंबईच्या गिरणगावातल्या या बायकांपासून झाली आहे. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

चार टनांतून चिमूटभर काढून औषध होत नाही. ते प्रयोगशाळेत बनवता यायला हवं. ते काम ज्या गटाने केलं त्याचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचा जन्म, मद्रासला वैद्यकीय शिक्षण, मग बोस्टनला हार्वर्ड विद्यापीठ. त्यांचे भाऊ ऐन तारुण्यात स्प्रू या रोगाने गेले होते. या रोगात खाल्लेलं अंगीच लागत नाही, माणूस झिजत जातो. फॉलिक ॲसिड स्प्रूवरही उपयोगी पडतं. हार्वर्डने सुब्बारावांना कायमची जागा दिली नाही, तेव्हा १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि तिथे १९४५ पर्यंत त्यांच्या गटाने फॉलिक ॲसिड बनवून दाखवलं. भाऊ तर केव्हाच गेले होते. पण त्यांच्या आजाराने सुब्बारावांच्या मनात पेरलेलं काम फळाला आलं.

आता बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात जाऊ. तिथले सिडनी फार्बर हे पॅथॉलॉजिस्ट. त्यांचं बरंचसं आयुष्य सूक्ष्मदर्शकापुढे आणि शवविच्छेदनाच्या टेबलापाशी गेलं होतं. रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, झालेली मुलं त्यांच्याकडे शेवटी यायची. त्या काळी या रोगाचं निदान झालं की मुलाच्या हाती काही आठवडे, फार तर काही महिने उरायचे. फार्बरना वाटलं, रक्तक्षयात फॉलिक ॲसिडने अस्थिमज्जा ताळ्यावर येते, तर ल्युकेमियातही ती येईल. अंदाज सरळ होता आणि आशाही साधी होती. त्यांनी फॉलिक ॲसिडच्या जातीची औषधं मुलांना देऊन पाहिली आणि रोग मंदावण्याऐवजी जोराने वाढतो आहे असं त्यांना दिसलं.

इथे क्षणभर थांबायला हवं. ही मुलं कोणाची तरी होती. त्यांच्या आईवडिलांनी डॉक्टरांवर विश्वास टाकला होता आणि औषधाने अपायच झाला असावा, अशी चिन्हं होती. फार्बरनी ते दडवलं नाही आणि नशिबावरही ढकललं नाही. त्यांनी उलटा प्रश्न विचारला: फॉलिक ॲसिडने रोग फोफावतो, तर ते अडवल्याने तो उपाशी मरेल का? सुब्बारावांच्या गटाकडे फॉलिक ॲसिडशी हुबेहूब साम्य असलेली, पेशीला फसवून खऱ्या फॉलिक ॲसिडची जागा अडवणारी रसायनं तयार होत होती. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन १९४७ च्या अखेरीस फार्बरच्या हाती आलं. या मुलांना आता सुखाने जाऊ द्यावं, असं त्यांच्या अनेक सहकाऱ्यांचं मत होतं. ते मतही दयाबुद्धीतूनच आलेलं होतं.

जून १९४८ मध्ये निकाल छापून आला. १६ मुलांपैकी १० मुलं सुधारली होती. ज्या रोगात कधी काही घडत नव्हतं त्यात मुलं पुन्हा उठून चालू-खेळू लागली होती. एखाद्याने ‘रक्ताच्या कर्करोगावर औषध सापडलं’ अशी दवंडी पिटली असती. फार्बरच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच मात्र, अगदी आरंभी, ही सुधारणा तात्पुरती आहे असं म्हटलेलं होतं. ते खरंच होतं. काही महिन्यांत रोग परतला. सुब्बारावांना पुढचं काहीच पाहायला मिळालं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते वारले.

विज्ञानात आशेचं काम काय, असं मला कोणी विचारलं तर मी ही हकीकत सांगतो. विज्ञान म्हणजे थंड डोक्याने, मनात काहीही इच्छा न धरता करायचं काम, असं आपण शाळेत शिकतो. ते अर्धंच खरं आहे. इच्छा नसेल तर कोणी चार टन पालक उपसणार नाही, कोणी मरणाऱ्या मुलांच्या वॉर्डात पुन्हापुन्हा जाणार नाही. पण ती इच्छा काय घडलं तर खोटी ठरेल हे आधीच कबूल करावं लागतं, आणि ती खोटी ठरली तर तसं लिहून टाकावं लागतं. फार्बर पहिल्यांदा चुकले आणि त्यांनी ते मान्य केलं म्हणून दुसऱ्यांदा बरोबर आले. कसोटीला उभी राहते ती आशा. जी उभी राहायला नकार देते, तिला मी आशा म्हणायला तयार नाही.

अशा नकाराचं एक ठळक उदाहरण अमेरिकेतच घडलं. जर्दाळूच्या बियांतल्या द्रव्यापासून केलेलं लॅट्रिल नावाचं औषध कर्करोगावर चालतं असा गाजावाजा १९७० च्या दशकात झाला. हजारो लोक त्याच्यामागे गेले, काहींनी चालू उपचार सोडले. शेवटी त्याचीही रीतसर चाचणी झाली. १९८२ साली १७८ रुग्णांचा निकाल आला: रोग बरा झाला नाही, थांबला नाही, आयुष्य वाढलं नाही. काहींच्या रक्तात सायनाइड मात्र धोक्याच्या पातळीजवळ गेलं होतं. त्यानंतरही त्याचे समर्थक मागे हटले नाहीत. परीक्षाच चुकीची होती, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला कर्करोगाचा एक रामबाण उपाय येतो आणि त्याची परीक्षा घ्या म्हटलं की पाठवणारा रागावतो.

ल्युकेमियाची पुढची वाट लांब होती. एका औषधाला पेशी सरावतात, म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइक यांनी चार औषधं एकत्र दिली. त्यांतलं एक सुब्बारावांच्या गटाचं मेथोट्रेक्सेट, दुसरं सदाफुलीतून काढलेलं व्हिन्क्रिस्टिन. अंगणातली ती गुलाबी सदाफुली! रक्तातून रोग नाहीसा झाला, मुलं घरी गेली, आणि काही महिन्यांनी डोकं दुखतं म्हणून परत आली. औषधं मेंदूत पोचत नव्हती आणि रोग तिथे लपून बसला होता. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी मग मेंदू आणि पाठीच्या कण्यातला द्रवसुद्धा उपचाराखाली आणला. त्या दशकाच्या अखेरीस त्यांची सुमारे निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे.

भारतात हे यश आपोआप आलं नाही. १९८० च्या दशकात मुंबईचं टाटा रुग्णालय, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची अड्यार संस्था यांनी मिळून, अमेरिकेत काम करणारे तज्ज्ञ इयन मॅग्राथ यांच्याबरोबर, आपल्या परिस्थितीला झेपेल असा एकच उपचारक्रम ठरवला. एमसीपी ८४१ या नावाने तो ओळखला जातो. त्यात नवं औषध एकही नव्हतं. औषध एकाच पद्धतीने द्यायचं, प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची, कोण मध्येच उपचार सोडून गेलं आणि कोणाला जंतुसंसर्गाने गाठलं हे लिहायचं. पुढच्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास मुलं रोगमुक्त राहू लागली. टाटा रुग्णालयाबाहेर, परळच्या फुटपाथवर गाठोडं घेऊन बसलेल्या आईबापांची आशा त्या नोंदवह्यांवर उभी आहे.

वैद्यकात आशेला निदान एक चेहरा असतो. मूलभूत विज्ञानात तोही नसतो, आणि तरी माणसं पिढ्यानपिढ्या थांबतात. आइन्स्टाइनने १९१६ मध्ये गुरुत्वीय लहरींचं, म्हणजे अवकाशाच्याच पोतात उठणाऱ्या तरंगांचं, भाकीत केलं. १९६९ साली मेरीलँड विद्यापीठातल्या जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या भल्यामोठ्या दंडगोलांवर त्या लहरी सापडल्याचं जाहीर केलं. जगभर खळबळ उडाली. इतरांनी तशीच उपकरणं बांधली आणि कोणालाच काही दिसलं नाही. वेबर मात्र अखेरपर्यंत आपल्या दाव्यावर ठाम राहिले. मोठा माणूस होता. या सगळ्या क्षेत्राची वाट त्यांनीच पाडली. पण स्वतःच्या आशेला प्रश्न विचारणं त्यांना जमलं नाही.

वेबरांची गोष्ट पुढच्या पिढीच्या चांगलीच लक्षात राहिली. याच लहरी शोधणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो प्रकल्पातल्या लोकांनी स्वतःवरच पहारा बसवला. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांच्या यंत्रांवर एक सुंदर लहर उमटली. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने ती तपासली, शोधनिबंध लिहून तयार केला. मार्च २०११ मध्ये सगळे जमले आणि सीलबंद माहिती उघडली गेली. ती लहर खोटी होती. प्रकल्पातल्याच मोजक्या माणसांनी, बाकीच्यांना न सांगता, परीक्षा म्हणून ती यंत्रात घातली होती. असं काही होऊ शकतं हे सगळ्यांना आधीच माहीत होतं आणि मान्यही होतं. माझ्या माहितीत आशेला लावलेली याहून कडक कसोटी नाही.

खरी लहर १४ सप्टेंबर २०१५ ला आली. १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती आणि त्या धक्क्याने लायगोच्या ४ किलोमीटर लांबीच्या बाहूंत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म फरक पडला होता. एवढा क्षीण आवाज गोंगाटातून कसा वेगळा काढायचा, याचं गणित पुण्याच्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या सुमारापासून करत होते. म्हणजे लहर येण्याच्या पंचवीस वर्षं आधी, लायगो उभं राहण्याच्याही आधी. याच जातीचं यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. त्यासाठी २,६०० कोटी रुपयांना केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली.

आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर. त्यांच्यापासून विज्ञानकथेकडे वळणं सोपं आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक कोणी नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की जगताप म्हणजे नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते टोपणनाव घेतलं होतं. तेव्हाही ते जगभर नावाजलेले शास्त्रज्ञ होते. आपल्या कीर्तीचं वजन पारड्यात पडू नये, कथा कथा म्हणून तपासली जावी, ही काळजी त्यांनी घेतली. फार्बरच्या शीर्षकात आणि लायगोच्या सीलबंद माहितीत दिसते तीच ही वृत्ती.

विज्ञानकथा आशेला अंगण देते. जे अजून झालेलं नाही ते झालंच तर कसं दिसेल, हे पाहायची सोय करून देते. रॉबर्ट गोडार्ड या अमेरिकन मुलाने एच. जी. वेल्सची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी वाचली आणि १८९९ च्या ऑक्टोबरात, चेरीच्या झाडावर चढलेला असताना, मंगळापर्यंत जाणारं यान त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तो दिवस तो जन्मभर पाळत आला. १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने, निर्वात पोकळीत रॉकेट चालणार नाही एवढंही शाळकरी ज्ञान गोडार्डना नाही, अशा अर्थाची टीका केली. १९२६ मध्ये गोडार्डचं द्रवइंधनाचं पहिलं रॉकेट उडालं. अडीच सेकंद आणि १२ मीटर उंची! त्या वर्तमानपत्राने आपली चूक १७ जुलै १९६९ ला दुरुस्त केली. तेव्हा अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर होतं आणि गोडार्ड हयात नव्हते.

मला गोडार्डपेक्षाही रुकैया सखावत हुसेन जवळच्या वाटतात. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा आली. बायकांनी चालवलेला देश, बायकांची विद्यापीठं, सूर्याच्या उष्णतेवर चालणारी यंत्रं, आकाशातून पाणी गोळा करण्याची युक्ती. शाळेचा उंबरठाही न ओलांडलेल्या बाईने हे लिहिलं. आणि त्या लिहून थांबल्या नाहीत. १९११ मध्ये कलकत्त्यात त्यांनी मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली आणि घरोघर जाऊन मुली गोळा केल्या. कथेतल्या विद्यापीठाची ही पहिली इयत्ता होती.

अलीकडे विज्ञानकथा म्हटलं की जळून गेलेली पृथ्वी, माणसांवर राज्य करणारी यंत्रं, पाण्यासाठी होणाऱ्या कत्तली असंच चित्र येतं. इशारा द्यायलाच हवा, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण भयाचं चित्र रंगवायला आता फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. रोजचं वर्तमानपत्र पुरतं. मराठवाड्यात पाणी टिकवणारं गाव पन्नास वर्षांनी नेमकं कसं चालेल, तिथे भांडणं कशावरून होतील, चूक झाली तर ती कोण कशी सुधारेल, हे लिहिणं कितीतरी अवघड आहे. नव्या मराठी लेखकांनी ते अवघड काम अंगावर घ्यावं.

शेवटी पुन्हा वैद्यकाकडे, कारण तुमच्या-माझ्या घरात आशेचा प्रश्न येतो तो तिथेच. १९८२ मध्ये स्टीफन जे गुल्ड या प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञाला मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाला. त्याने ग्रंथालयात शोध घेतला तर निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिन्यांचा. बहुतेक जण याचा अर्थ ‘मी आठ महिन्यांत जाणार’ असा घेतील. गुल्डला आकडेवारी कळत होती. अर्धे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात, पण उरलेल्या अर्ध्यांचं शेपूट उजवीकडे लांबवर जातं; वय कमी, निदान लवकर, उपचार चांगले, म्हणजे आपण त्या शेपटात असू शकतो. तो वीस वर्षं जगला आणि २००२ मध्ये वेगळ्याच कर्करोगाने गेला. आकडे नाकारून नव्हे, ते नीट वाचून त्याने आशा मिळवली.

डॉक्टरांना तरी आकडे नीट सांगता येतात का? शिकागोत ३४३ डॉक्टरांना त्यांच्या ४६८ अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांबद्दल, हे किती जगतील, असं विचारलं गेलं. २००० साली निकाल आला. फक्त २० टक्के अंदाज बरोबर होते आणि बहुतेक चुका एकाच दिशेला होत्या. डॉक्टरांनी सरासरी पाचपट जास्त आयुष्य सांगितलं होतं. रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितकी चूक मोठी. मायेने नजर चुकते, हे डॉक्टरांनाही लागू आहे.

आपल्याकडे तर बहुतेक वेळा सत्य रुग्णापर्यंत पोचतच नाही. आई बाहेर बाकावर बसलेली असते, मुलगा आत डॉक्टरांना म्हणतो, “तिला काही सांगू नका, ती हाय खाईल.” हेतू प्रेमाचा असतो. पण आई रिपोर्टांच्या पिशवीकडे पाहून, मुलांच्या कुजबुजीवरून सगळं ओळखते आणि मग तिला एकटीलाच घाबरावं लागतं. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक अभ्यास झाला आणि २०१० मध्ये त्याचा निकाल आला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्यांच्या जोडीला सुरुवातीपासूनच वेदना कमी करणारी, मोकळेपणाने बोलणारी पॅलिएटिव्ह सेवा. दुसऱ्या गटात नैराश्य कमी होतं, अखेरच्या दिवसांत जोरकस उपचारांचा मारा कमी झाला, आणि ती माणसं जगली अधिक: ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. खरं बोलल्याने आशा मरते, या समजुतीला या निकालात आधार सापडत नाही. तिचा विषय बदलतो. पूर्ण बरं होण्याची आशा मावळली तरी रात्री शांत झोप लागावी, नातीच्या लग्नाला बसता यावं, घरीच राहता यावं, या आशा उरतात आणि त्या पुऱ्या करता येतात.

म्हणून अशी वेळ आलीच तर डॉक्टरांना ‘बरं होईल ना?’ एवढंच विचारू नका. हा उपचार कशासाठी आहे, रोग घालवण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी, तो उपयोगी पडतोय हे आपल्याला कधी आणि कशावरून कळेल, आणि पडला नाही तर पुढे काय, हे विचारा. आणि त्याआधी, जिचा आजार आहे त्या आईला विचारा की तिला किती जाणून घ्यायचं आहे. ती सांगेल.